उस्ताद, आबा आणि ८४ची जोंगा

जोंगा ही काही देखणी गाडी नाही. जीपपेक्षा अंगानं आडवी, नाकाडानं मोठी, आणि पेट्रोलच्या बाबतीत अगदी अधाशी. लिटरला पाच किलोमीटर गेली तर मालकानं पेढे वाटावेत. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात ती तयार व्हायची. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडून तिचं बारसं झालं. मूळ आराखडा जपानी निस्सान पॅट्रोलचा, इंजिन सहा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं. १९९९मध्ये ती बनायची बंद झाली, पण त्याआधीची तीसेक वर्षं तिनं फौजेत पडेल ते काम केलं. साहेबांना फिरवलं, जखमींना दवाखान्यात नेलं, पाठीवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ घेऊन डोंगर चढली. धोनीनं २०१९ला एक घेतली तेव्हा आजकालच्या पोरांना हे नाव पहिल्यांदा कळलं.

फौजेतून बाद झालेल्या गाड्या लिलावात निघतात, तिथून व्यापाऱ्यांकडे जातात, आणि तिथून एखाद्या हौशी माणसाच्या गळ्यात पडतात. आमच्या घरात तो हौशी माणूस म्हणजे माझे धाकटे मामा. कोरेगाव तालुक्यात, रहिमतपूरच्या अलीकडे त्यांचं गाव. जोंगा आली ती ट्रॅक्टरनं ओढत. चाकांत हवा नव्हती, बोनटच्या आत चिमण्यांचं घरटं होतं, बॅटरीच्या जागी वीट. मामी ओट्यावर उभ्या होत्या. म्हणाल्या, “म्हशीच्या गोठ्याला पत्रा घाला म्हणून तीन वर्सं सांगतीया. तर ह्यो पत्रा आणलाय.”

मामा ईएमईमध्ये हवालदार होते. फौजेबाहेरच्यांसाठी सांगते: बंदुकीपासून रणगाड्यापर्यंत जे जे मोडतं ते दुरुस्त करणारं हे खातं. त्यांचं ब्रीद ‘कर्म ही धर्म’, आणि मामांच्या पत्र्याच्या हत्यारपेटीवर ते पांढऱ्या रंगात लिहिलेलं आहे. पलटणीबरोबर ईएमईची छोटी तुकडी असते. गाडी बिघडली, चिखलात रुतली, दरीत गेली की ती काढून आणणं हे तिचं काम. मामा अशा तुकडीतून १९८७च्या ऑक्टोबरात श्रीलंकेला गेले, भारतानं तिथं पाठवलेल्या शांतिसेनेबरोबर. तिथं गाड्या नुसत्या बिघडत नव्हत्या. उत्तरेकडच्या जाफन्याच्या आसपासचे रस्ते तमिळ बंडखोरांनी सुरुंगांनी पेरलेले होते. सुरुंग फुटला की जवानांना दवाखान्याची गाडी घेऊन जायची, आणि गाडी आणायला मामा जायचे.

शांतिसेनेच्या त्या मोहिमेत आपले सुमारे बाराशे जवान गेले. आपल्याकडे याची आठवण फार कुणी काढत नाही. २६ जुलै आली की कारगिलचे मेसेज सकाळी सहापासून सुरू होतात. २४ मार्चला, म्हणजे १९९०मध्ये शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली त्या तारखेला, माझ्या फोनवर आजवर एकही मेसेज आलेला नाही. परतलेली फौज मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नव्हते. तमिळ माणसं मारून आलेल्या सैन्याचं स्वागत आपण करणार नाही, ही त्यांची भूमिका होती. फौजींना ते लागलं. मला, खरं सांगायचं तर, दोन्ही बाजू कळतात आणि त्यामुळे कुठल्याच बाजूनं जोरात बोलता येत नाही. १९८७च्या दिवाळीत जाफन्याच्या सरकारी इस्पितळात आपल्या सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मेल्या. हे घडलेलं आहे, नोंदलेलं आहे. मामा तिथं नव्हते. पण त्याच गावात होते, त्याच आठवड्यात. शौर्याच्या गोष्टी ऐकायला गाव तयार असतं. भीतीची गोष्टही एखादा ऐकून घेईल. शरमेची गोष्ट घेऊन माणसानं जायचं कुठं?

मामा कुठंच गेले नाहीत. निवृत्त होऊन आले, शेती बघायला लागले, आणि रात्री झोपेनासे झाले. माझ्या लहानपणी सुट्टीत आम्ही तिकडे जायचो तेव्हा एक नियम होता: मामा झोपलेले असतील तर त्यांना हात लावून उठवायचं नाही. पायाशी उभं राहून लांबूनच हाक मारायची. का, ते कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नाही. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटायला लागले की ते मोटर चालू करायच्या निमित्तानं विहिरीवर जायचे, लाईट असो वा नसो. कॅन्टीनची रम होती. महिन्याचा कोटा वीस तारखेच्या आत संपायचा. गावानं आपापल्या परीनं निदान केलं. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, देवऋष्याला दाखवा. कुणी म्हणालं पेन्शन बसून मिळते म्हणून माजलाय.

फौजेत दर जवानाची वैद्यकीय प्रतवारी असते, शेप नावाची. पाच अक्षरांतलं पहिलं अक्षर मनासाठी, मग कान, हातपाय, बाकी शरीर, डोळे. पाचही ठिकाणी एक नंबर असेल तर जवान ‘शेप वन’. मनाला पहिली जागा देणारी ही पद्धत कागदावर मोठी शहाणी आहे. पण त्या पहिल्या अक्षरापुढचा आकडा बदलला की बढती अडते, बदली होते, बराकीत कुजबुज होते. म्हणून गुडघा दुखतो म्हणून सांगायला जवान लाजत नाही आणि झोप येत नाही हे मरेपर्यंत सांगत नाही. मामांनी नोकरीभर कुणालाच सांगितलं नाही. ते शेप वन म्हणूनच घरी आले.

*

आबा शेजारच्या वाडीतले. मराठा लाइट इन्फंट्रीत ड्रायव्हर होते, मामांपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. पुढे राष्ट्रीय रायफल्सबरोबर काश्मीरात, कुपवाड्याकडे होते. ताफ्यातली त्यांच्या पुढची गाडी उडाली, एवढंच मला ठाऊक आहे. तेही मामींकडून, आणि मामींना आबांच्या बायकोकडून. बायकांच्या या वाटेनं जेवढं कळतं तेवढं फौजेच्या कागदांतून कधी कळायचं नाही.

ज्या माणसानं पंधरा वर्षं ट्रक हाकला तो निवृत्त झाल्यापासून गाडी चालवत नव्हता. मुलानं घेतलेली मोटारसायकलही नाही. एसटीत बसले तर मागच्या बाजूला, खिडकीशी, आणि डोळे रस्त्याच्या कडेला. गेल्या काही वर्षांत नळयोजनेच्या पाइपलाइनींसाठी आमच्याकडचा एकेक रस्ता उकरून ठेवलेला आहे. खोदायचं, पाइप टाकायचा, माती लोटायची आणि पुढं जायचं. आपल्याला तो पंचायतीचा गलथानपणा दिसतो. आबांना रस्त्याच्या कडेला ताजी उकरलेली माती दिसते. ते बांधावरून, उसातून, अर्धा मैल वळसा घालून यायचे आणि विचारलं तर म्हणायचे, पाय मोकळे करतोय.

जोंगा आल्याची बातमी वाडीला पोचायला वेळ लागला नाही. आबा आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खालून पाटे बघितले, ॲक्सल बघितला. मग म्हणाले, “उस्ताद, स्टेअरिंगला खेळ लई असंल.” मामा म्हणाले, “आसंल.” आबांनी शर्ट काढून बाभळीला अडकवला. कामाला सुरुवात झाली ती अशी.

मी तेव्हा पुण्याहून सुट्टीच्या दिवसांत जात असे. मला गाडीतलं काही कळत नव्हतं. चौदाचा पाना दे म्हटलं की चौदाचा पाना द्यायचा, एवढं आलं. रिंग पाना आणि डबल पाना यांतला फरक कळला. गंजलेल्या बोल्टला जोर लावायच्या आधी रॉकेल पाजून रात्रभर ठेवायचं, नाहीतर आटे जातात, हे कळलं. रॉकेल आता मिळत नाही, मग त्यावरून सरकारला शिव्या. सुटे भाग सगळं जग डिझेलनं धुतं. मामा पेट्रोलनं धुवायचे. शंभर रुपयांच्या वर लिटर झालेलं पेट्रोल, तेही पत्र्याच्या ट्रेमध्ये ओतून, ब्रशनं. मामी ते बघून आत निघून जायच्या. मला वाटलं फौजेतली सवय असेल. तिथं पेट्रोलचं बिल कुणाला भरायचंय.

रंग खरवडायचं काम माझ्याकडे होतं. वर कुण्या व्यापाऱ्यानं मारलेला चकचकीत लाल रंग, त्याखाली लांबीचा (पुट्टीचा) थर, त्याखाली पोपटी, आणि तळाशी फौजेचा मूळ हिरवा. मागच्या पत्र्यावर घासता घासता आकडे उमटले. आधी वर टोक केलेला बाण, मग ८४, मग एक अक्षर आणि पुढचे आकडे. लष्करी गाडीच्या नंबरात बाणानंतरचे दोन आकडे सालाचे असतात. म्हणजे गाडी १९८४ची. मामा बराच वेळ त्या नंबराकडे बघत राहिले. ही गाडी तिकडे असू शकली असती. नसूही शकली असती. अशा हजारो होत्या. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तेवढी जागा सोडून बाकीचा पत्रा मला घासायला सांगितला.

इंजिन खोललं तेव्हा अंगणभर गोणपाटं पसरली होती. हेड उतरवलं, बारा व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, काढले, एका पुठ्ठ्याला बारा भोकं पाडून क्रमानं खोवले. ज्या जागचा व्हॉल्व्ह त्याच जागी परत गेला पाहिजे. अदलाबदल झाली तर बसत नाही. मग त्यांना ग्राइंडिंग. व्हॉल्व्हच्या कडेला करकरीत पेस्ट लावायची, त्याच्या डोक्यावर रबरी वाटीची काठी चिकटवायची आणि काठी दोन्ही तळव्यांत धरून ताक घुसळायच्या रवीसारखी फिरवायची. आधी खर्र खर्र आवाज येतो. पेस्ट झिजत जाते तसा आवाज मऊ होतो. मग व्हॉल्व्ह पुसून बघायचा: कडेला सगळीकडून सारख्या रुंदीचं राखाडी वळं उमटलं पाहिजे. कुठं तुटलं असेल तर पुन्हा पेस्ट. एकेका व्हॉल्व्हला अर्धा-पाऊण तास. मामा आणि आबा दोघं समोरासमोर नाही, शेजारी शेजारी पाटावर बसायचे, आणि दोघांचीही नजर आपापल्या काठीवर.

मला वाटतं जे काही झालं ते या बसण्यामुळे झालं. आपल्याकडे पुरुषाला समोर बसवून ‘काय होतंय तुला, सांग’ म्हटलं की तो उठून तंबाखू आणायला जातो. इथं कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. विचारायचं ते व्हॉल्व्हबद्दल. बोलणं निघालं तर अर्ध्यात सोडायची मुभा होती, कारण हात चालूच असायचे. एक वाक्य आलं की पुढचं पंधरा मिनिटांनी यायचं, कधी पुढच्या आठवड्यात.

अशाच एका दुपारी तळाच्या पत्र्याचं निघालं. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखालचा, पाय ठेवायच्या जागेचा पत्रा सडला होता. उजवीकडचा मामांनी केव्हाच कापून नवा बसवून घेतला होता. डावीकडचा तसाच. चासी रंगवून झाली, ब्रेकचे ड्रम झाले, वायरिंग झालं. त्या पत्र्याला मामा हात लावेनात. विचारलं की म्हणायचे, करू. एक दिवस मी पोचले तर आबांनी तो छिन्नी-हातोड्यानं तोडून काढला होता आणि रहिमतपूरच्या वेल्डरकडून नवा टाकून आणला होता. मामा त्या दिवशी ग्रामपंचायतीत होते. आले, बघितलं, बसले. पाटावर बसून व्हॉल्व्ह फिरवायला लागले. बऱ्याच वेळानं, मान वर न करता म्हणाले,

“गाडी परत लायनीत द्यायला लागायची ना. दोन दिसांत. मग धुवायची. पाण्यानं जात न्हाई ते. डिझेलनं जातं.”

आबा म्हणाले, “व्हय उस्ताद.” आणि पेस्टची डबी त्यांच्याकडे सरकवली.

पेट्रोलचा हिशोब मला तेव्हा लागला. मामींना मी त्या रात्री सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, “पस्तीस वर्सं मी त्यांची कापडं डिझेलच्या डागासकट धुतली. मला न्हाई सांगितलं.” त्यात राग होता. असायलाच हवा होता. गाडीनं माणसाला बोलतं केलं, वगैरे गोष्टी सांगताना ज्या बाईनं तो माणूस पस्तीस वर्षं सांभाळला तिच्या वाट्याला ते बोलणं का आलं नाही, हेही सांगावं लागेल.

*

हातांना काम दिलं की डोकं ताळ्यावर येतं, ही समजूत जुनी आहे. पहिल्या महायुद्धात एडिनबराजवळ क्रेगलॉकहार्ट नावाचं इस्पितळ होतं. खंदकांतून थरथरत आलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी. तिथले आर्थर ब्रॉक नावाचे डॉक्टर रुग्णांना पलंगावर पडू देत नसत. बागकाम करा, नकाशे काढा, मासिक चालवा, काहीतरी करा, असा त्यांचा धोशा. त्याच सुमाराला, १९१७मध्ये, मुंबईत लेडी विलिंग्डन यांनी अपंग हिंदी सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट काढलं. पुढं ते खडकीला गेलं आणि आजही आहे. हात-पाय गमावलेल्या शिपायाला पोटापुरता धंदा शिकवावा, हा हेतू. चांगलाच हेतू. पण दोन्ही संस्था शेजारी ठेवून बघितल्या की मला राहवत नाही. गोऱ्या अधिकाऱ्याला मन होतं, आपल्या शिपायाला हात होते.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीमध्ये त्या युद्धात कामी आलेल्या ४६ जणांची आठवण शिळेवर कोरलेली आहे. एका गावातले ४६. जे परत आले असतील त्यांच्या रात्रींची नोंद कुठंही नाही. या आजाराला आजचं नाव, पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक ताण, मिळालं तेच १९८०मध्ये, अमेरिकेत, व्हिएतनामहून परतलेल्यांचा प्रश्न हाताबाहेर गेला तेव्हा.

शरीराच्या जखमेचं तसं नसतं. मुरलीकांत पेटकर सांगलीकडचे, ईएमईचेच. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिक स्पर्धेत पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. मामा त्यांचं नाव काढताना ताठ बसतात. एकदा म्हणाले, “गोळी दिसती. एक्सरेत येती.” यापुढं ते काही बोलले नाहीत, पण वाक्य पुरं होतं.

इंग्लंडात मिशन मोटरस्पोर्ट नावाची संस्था २०१२पासून जखमी माजी सैनिकांना गाड्यांच्या कामात गुंतवते. शर्यती, दुरुस्ती, मग त्याच धंद्यात नोकरी. आपल्याकडे असं काही व्हावं असं मला वाटतं, आणि वाटतं त्याच क्षणी भीतीही वाटते की त्याचं उद्घाटन होईल, फीत कापली जाईल, माजी सैनिकांना शाल-नारळ मिळेल आणि पाने कपाटात कुलूपबंद राहतील.

*

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तो दिवस काही फार भव्य नव्हता. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, चुकलं होतं. डिस्ट्रिब्युटर थोडा इकडे थोडा तिकडे करत मामा स्टार्टर मारत होते आणि अचानक सायलेन्सरमधून ठो झालं. मी दचकले. कोंबड्या उडाल्या. आबा दिसेनात. मागच्या चाकाआड उकिडवे बसले होते, दोन्ही हात डोक्यावर, ओठ पांढरे.

आजकाल गावोगाव बुलेटवाली पोरं हेच मुद्दाम करत फिरतात. चालत्या इंजिनाची चावी क्षणभर बंद करून पुन्हा द्यायची. मधल्या वेळात न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जमतं आणि भडकतं. पोलिस असे सायलेन्सर जप्त करून रोलरखाली चिरडतात, पेपरात फोटो येतात, आणि पोरं नवे आणतात. आबांची त्यापायी दोनदा हाणामारी झाली होती.

त्या दिवशी मामांनी आबांना धीर वगैरे दिला नाही. म्हणाले, “आबा, ते कशानं झालं ठावं हाय का? ये हिकडं.” आणि त्यांनी ठिणगी, वेळ, झडपा सगळं बोटानं दाखवून सांगितलं. आबांना ते येत होतंच, ट्रकवाला माणूस. मग मामा म्हणाले, आता टायमिंग लावतो आणि मग मुद्दाम फोडून दाखवतो. तू लांब जा. सांगतो मग फोडतो.

आबा विहिरीपाशी जाऊन उभे राहिले. मामांनी इंजिन तापू दिलं, रेस केलं, ओरडले, “आबा, फुटलं बघ!” चावी बंद, चावी चालू. ठो. आबा हलले. “पुन्यांदा?” आबांनी हात वर केला. ठो. पुढच्या वेळी विहिरीऐवजी जांभळीखाली. मग गोठ्याशी. असं काही आठवडे चाललं, आणि शेवटी आबा बोनटवर हात ठेवून उभे होते आणि चावी त्यांच्याच हातात होती.

आणि तरीही रस्त्यावरून बुलेट फटाका मारत गेली की आबा आजही दचकतात. कमी, पण दचकतात. तिला कुणी ‘फुटलं बघ’ म्हणून ओरडत नाही.

पुढं एका मानसोपचारतज्ज्ञाला मी हे सांगितलं तर त्यांनी आधी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, याच्या जवळची एक उपचारपद्धत खरोखरच आहे. एडना फोआ या बाईंनी ती बसवली. जे टाळतोय त्याच्याजवळ थोडं थोडं, ठरवून, सुरक्षित जागी जायचं. पण ते शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली. तुमच्या मामांना जमलं, दुसऱ्या एखाद्याचं यात पार बिनसलं असतं. म्हणून वाचणाऱ्यानं आपल्या आजोबांवर हा प्रयोग करू नये, हे मीही सांगून ठेवते.

*

खरी अडचण गाडी पुरी झाल्यावर आली. कुणी हे सांगत नाही. हिरवा रंग मारला, हूड शिवून आणलं, आरटीओत माणसाच्या सहनशक्तीची फिटनेस टेस्ट झाली, कागद मिळाले. आता करायला काही उरलं नाही. पंधरा दिवसांत मामांची झोप पुन्हा गेली. रात्री दोनला ते अंगणात बॅटरी घेऊन चांगला चालणारा गिअरबॉक्स उतरवायला बसलेले मामींना सापडले. रमही परत आली.

यावेळी मामी थांबल्या नाहीत. देवऋषी नाही, नारळ नाही. मला फोन केला, “हितं साताऱ्यात डोक्याचा डॉक्टर कोण हाय ते बघ, मी घिऊन जाती.” मामा जायला तयार झाले ते कशानं, मला नक्की सांगता येत नाही. आबा म्हणाले होते, “उस्ताद, आवाज कुठनं येतो ते कळल्याबिगर इंजान खोलायचं न्हाई म्हनता ना तुम्ही?” त्यानं असेल. मामी बॅग भरून एसटी स्टँडवर जाऊन बसल्या होत्या, त्यानंही असेल. मी दुसऱ्या कारणावर पैज लावीन.

गोळ्या सुरू झाल्या. महिन्याला जाणं सुरू झालं. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी मामांचं सगळं लिहून घेतल्यावर मामींना विचारलं, तुमची झोप कशी आहे? मामी म्हणाल्या, हे झोपले की मी जागी, हे जागे की मी जागी. त्यांचीही फाइल निघाली. माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेत बायको बसते, हे बरं आहे.

गिअरबॉक्स परत बसला. आता वाडीतल्या एका मेजरचं जुनी वनटन, म्हणजे फौजेचा एक टनी ट्रक, आणायचं घाटत आहे. इंजिन तेच, निस्सानचं, त्यामुळे सुट्या भागांचं कोडं निम्मं सुटलेलं. मामा म्हणतात मी फक्त सल्ला देणार. मामी म्हणतात, सल्ला पेट्रोलनं धुवायला लागत नसंल तर द्या.

आबा जोंगा चालवतात, पण आमच्या शेतात. ऊस गेल्यावर मोकळ्या पडलेल्या रानात, जिथली माती त्यांनी स्वतः नांगरलेली बघितली आहे, तिथं ते तिला गोल गोल फिरवतात. मामा बांधावरून क्लच-क्लच म्हणून ओरडत असतात. डांबरी रस्त्याला लागायचं म्हटलं की आबा उतरून डावीकडे येऊन बसतात, त्यांनीच बसवलेल्या पत्र्यावर पाय ठेवून, आणि स्टेअरिंग मामांकडे.

परवा रहिमतपूरच्या बाजाराला निघालो होतो. मामी आणि मी मागच्या बाकड्यावर, पायांत मोकळ्या पिशव्या. ओढ्याच्या अलीकडे आबा म्हणाले, “उस्ताद, डावीकडं माती उकरल्या.” मामांनी लगेच वेग कमी केला, गाडी उजवीकडे घेतली, अगदी सावकाश. मागून मामी ओरडल्या, “आवं पाइपलाइन हाय ती पंचायतीची! मेथी संपंल बाजारातली, चला!”

आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “वैनी, पाइपलाइन हाय ते मलाबी ठावं हाय. पर बघून सांगायला काय जातंय?”

“मग सांगा की,” मामी म्हणाल्या, “पर पळता पळता सांगा.”